कॉम्प्युटरचा आवाज गेला? आधी पाणी कुठे मुरतंय ते बघा

भाद्रपद जवळ आला की माझ्या फोनला उसंत नसते. चाकरमानी गावात उतरतात, वर्षभर कुलूप लागलेली घरं उघडतात, माटवीची (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या सजवलेल्या चौकटीची) तयारी सुरू होते आणि घरातलं कोणीतरी आरत्या लावायला म्हणून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढतं. स्क्रीन येते, गाण्याची रेघ पुढे सरकताना दिसते, स्पीकर मात्र मुका. मग मला फोन: "अरे, आवाज खय गेलो?"

मी मालवणचा. कॉम्प्युटर दुरुस्तीत चौदा वर्षं झाली. देवबागपासून आचऱ्यापर्यंत सगळ्यात जास्त वेळा कुठला बिघाड काढला असेल तर हाच. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं तुम्हाला घरच्या घरी, एक रुपया न खर्चता जमेल.

आधी एक कबुली. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका निवृत्त मास्तरांचा कॉम्प्युटर स्पीकरसकट याच तक्रारीने माझ्याकडे आला. मी आव देखा न ताव, थेट फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, विंडोज नव्याने टाकलं. आवाज नाही. पुन्हा टाकलं. तरी नाही. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून त्यांचा स्पीकर माझ्या मोबाईलला जोडला, तर तिथेही मुका. वायर टेबलाच्या पायाखाली चेचून आत तुटली होती. पन्नास रुपयांच्या वायरीपायी मी मास्तरांचे शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो घालवून बसलो होतो. मास्तर काही बोलले नाहीत, उलट चहा पाजला. तेच जास्त लागलं.

पोफळीच्या बागेत शेवटच्या आळ्यात पाणी पोचलं नाही तर कोणी धावत जाऊन पंप खोलत नाही. पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठे फुटलंय, कुठे मुरतंय ते बघतो. आवाजालाही असाच पाट असतो. गाण्याचा प्रोग्रॅम, मग विंडोज, मग ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाष्या प्रोग्रॅम), मग मदरबोर्डवरची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरची साउंडची चिप, मग जॅक (पिन बसते ते भोक), वायर आणि शेवटी स्पीकर. आवाज यातल्या एकाच ठिकाणी अडलेला असतो. ती जागा सापडली की उरतं ते काम सहसा पाच मिनिटांचं.

लक्षणं

"आवाज येत नाही" या एका वाक्यात बरेच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. तुमचा कुठला, ते आधी ओळखा.

घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर फुली आहे आणि माऊस नेला की ‘नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड’ असं दिसतं: विंडोजला साउंडची चिपच सापडत नाहीये. थेट ड्रायव्हरच्या पायरीवर गेलात तरी चालेल.

चित्र ठीक, आवाजाची पट्टी शंभरावर, तरी शांतता: सगळ्यात जास्त येणारा प्रकार, आणि बहुतेक वेळा फुकटात सुटणारा.

यूट्यूबला आवाज आहे पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला नाही: यंत्र धडधाकट आहे, त्या प्रोग्रॅमचंच बघायचं.

हेडफोनमध्ये येतो पण लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून येत नाही: जॅकमध्ये कचरा किंवा गंज. आपल्या किनाऱ्यावरचं हे नेहमीचं दुखणं, त्यावर खाली बरंच लिहिलंय.

वायर पिरगाळली, पिन थोडी बाहेर ओढली की येतो, सोडली की जातो: वायर किंवा जॅक. सॉफ्टवेअरला हातही लावू नका.

आवाज येतो पण मागे सतत घूं: आवाजाचा नाही, अर्थिंगचा प्रश्न.

व्हिडिओ कॉल सुरू झाला की गाण्याचा आवाज एकदम खाली जातो: हा बिघाडच नाही. कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी विंडोजची मुळातली सेटिंग असते. साउंडच्या जुन्या खिडकीत (ती कशी उघडायची ते खाली आहे) ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे, तिथे ‘डू नथिंग’ निवडा आणि विषय संपवा.

वीज कडाडली किंवा लाईट झपझप करून गेली आणि तेव्हापासून आवाज बंद: हे प्रकरण वेगळं. बाकीच्या पायऱ्या सोडून शेवटचा भाग आधी वाचा.

हात आणि कान, दोन मिनिटं

हसू नका, पण स्पीकरचा दिवा लागलाय का ते आधी बघा. मागचं बटण बंद, पुढची चकती शून्यावर, बोर्डाचा स्विच वर. असल्या कामासाठी मी सात-आठ किलोमीटर गाडी हाणत गेलोय. घरात पोरंबाळं असली की ती चकती हमखास फिरलेली असते.

मग कीबोर्डवरचं म्यूटचं बटण. लॅपटॉपवर ते वरच्या रांगेत असतं आणि काही मॉडेलमध्ये ते दाबलं की त्यावर बारीक दिवा पेटतो. त्यानंतर व्हिडिओच्याच चौकटीतलं स्पीकरचं चित्र. ब्राउझरचा एखादा टॅबही स्वतंत्रपणे म्यूट होतो, टॅबवर राइट क्लिक केलं की कळतं.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची तपासणी: स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाईलला लावा. मोबाईलला ते गोल भोक नसेल तर शेजारच्यांचा जुना मोबाईल मागा, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावा, काहीही करा. तिथे आवाज आला तर स्पीकर आणि वायर दोन्ही निर्दोष. नाही आला तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही, त्याला सोडा आणि स्पीकरच्या मागे लागा. एका मिनिटात अर्धा पाट तपासून झाला. हीच गोष्ट मला त्या पहिल्या वर्षी सुचली असती तर मास्तरांचे फोटो राहिले असते.

उलट बाजूनेही बघा. घरातला कुठलाही चालू इअरफोन कॉम्प्युटरला लावून ऐका. त्यात आवाज आला तर विंडोज, ड्रायव्हर, चिप सगळं शाबूत आहे असं धरून चाला.

पिन कुठल्या भोकात आहे

डेस्कटॉपच्या मागे रंगीत भोकांची रांग असते. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माईकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. तिन्ही एकाच मापाची, ३.५ मिलिमीटरची, त्यामुळे पिन कुठेही बसते आणि तक्रार करत नाही. गणपतीत साफसफाई करताना टेबल पुढे ओढलं जातं, वायरी निघतात आणि अंदाजाने परत लावल्या जातात. मोबाईलची बॅटरी पेटवून बघा, हाताने चाचपून नको.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या भोकावर विसंबू नका. ते आतल्या एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेलं असतं आणि कोणी कॅबिनेट उघडून धूळ झटकली की ती वायर लावायची राहून जाते. पुढे आवाज नसेल तर मागच्या हिरव्यात लावून बघा.

मॉनिटरच्या वायरीचंही एक आहे. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, फक्त चित्र जातं. एचडीएमआयमधून दोन्ही जातं. म्हणजे व्हीजीएवर टीव्ही लावून त्यातून आवाजाची वाट बघत बसलात तर तो या जन्मी यायचा नाही. आणि एचडीएमआय लावलीत तर नेमका उलटा घोळ होतो, तो पुढे.

विंडोज आवाज कुठे पाठवतंय

नवा मॉनिटर आला, एचडीएमआयने जोडला आणि त्याच दिवसापासून स्पीकर बंद पडला, असं कोणी सांगितलं की मी फोनवरच निदान करतो. विंडोजला वाटतं मॉनिटरलाच आवाज हवाय. ते सगळा आवाज तिकडे वळवतं आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो! पाटाचं पाणी शेजाऱ्याच्या बागेत, तिथेही आळी केलेली नाहीत.

उपाय सोपा. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीशेजारी एक बाण असतो, विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर डिव्हाइसचं नाव असतं. तिथे दाबलं की यादी उघडते. ज्या नावात ‘स्पीकर्स’ आणि बहुधा ‘रिअलटेक’ (साउंडच्या चिपा बनवणारी कंपनी) असेल ते निवडा. मॉनिटरच्या कंपनीचं किंवा ‘डिस्प्ले ऑडिओ’ असं नाव निवडलेलं असेल तर चोर सापडला.

ब्लूटूथ हा दुसरा चोर. देवबागेतल्या एका होमस्टेमध्ये ऑफिसातला लॅपटॉप रोज संध्याकाळी मुका व्हायचा आणि सकाळी आपोआप बोलायचा. वहिनींना वाटायचं, खाडीवरून खारं वारं सुटलं की बिघडतो. प्रत्यक्षात लॅपटॉपला कधीतरी अंगणातला ब्लूटूथ स्पीकर जोडून ठेवला होता. संध्याकाळी पाहुण्यांसाठी तो चालू केला की लॅपटॉप इमानदारीत त्याच्याकडे पळायचा. ब्लूटूथ बंद करा आणि मग तपासा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरला घरून रिमोट डेस्कटॉपने जोडून काम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की आवाज इकडे वाजवायचा की तिकडे, ही निवड जोडणीच्या सेटिंगमध्ये वेगळी असते.

यादी बरोबर आहे, तरी शांतता? मग ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असते आणि एखादी शून्यावर गेली तर मोठी पट्टी कितीही वर नेऊन उपयोग नाही.

आता दुसरी मोलाची तपासणी. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड आणि तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. विंडोज १० मध्ये त्याला ‘साउंड कंट्रोल पॅनल’ म्हणतात. जुनी, छोटी खिडकी उघडते. गाणं चालू ठेवा आणि तुमच्या स्पीकरच्या नावापुढच्या उभ्या पट्टीकडे बघा. त्यात हिरवे ठोकळे वरखाली नाचत असतील तर विंडोज आवाज पाठवतंय, अडकलाय तो पुढे, म्हणजे जॅक, वायर नाहीतर स्पीकर. ठोकळे हलत नसतील तर आवाज त्याच्या आधीच अडलाय. फोनवर कोणी मदत मागितली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: "ठोकळे नाचतायत का?" उत्तरावरून ठरतं, पुढे स्क्रू ड्रायव्हर हवा की माऊस.

रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे

"मी तीनदा बंद करून चालू केला" असं लोक सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावर आतला गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर जपून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच उचलले जातात. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून रीस्टार्टच निवडा.

लॅपटॉप असेल तर अजून एक युक्ती. बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघण्यासारखी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत शिल्लक राहिलेला विजेचा अंश निघून जातो आणि हट्टाला पेटलेली साउंडची चिप बऱ्याचदा ताळ्यावर येते.

रीस्टार्टने जमलं नाही तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन नावांपुढे ‘रनिंग’ लिहिलंय का बघा. पहिली दुसरीवर अवलंबून असते, त्यामुळे एंडपॉइंट बिल्डर रीस्टार्ट करा.

खारं वारं आणि कळकलेली पिन

ठोकळे नाचतायत पण आवाज नाही, किंवा खरखर आहे, अशांसाठी हा भाग. बाहेरगावच्या कुठल्याही माहितीत हे तुम्हाला नीट मिळणार नाही, कारण पुण्या-नाशिककडे हा त्रास एवढा नाही.

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, ते आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलेलं आहे. स्पीकरच्या पिनेखाली आणि जॅकच्या पट्ट्यांखाली पितळ-तांबंच असतं, वरचा मुलामा पातळ. समुद्रावरच्या हवेतून मिठाचा बारीक थर बसतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असतो आणि मीठ ती ओल ओढून धरतं. मुलामा जिथे घासला गेलाय तिथे हिरवट-निळसर पूड धरते. ती वीज नीट जाऊ देत नाही. समुद्रापासून आत कणकवलीत वापरलेला आणि किनाऱ्यावरच्या देवबागेत वापरलेला, एकाच वर्षी घेतलेला स्पीकर माझ्याकडे शेजारी शेजारी आला तर मी पिन बघून सांगतो कुठला कुठला.

बंद घरातल्या कॉम्प्युटरचं जास्त बिघडतं ते यामुळेच. रोज वापरात असलेलं यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं. चार महिने पावसात चिऱ्याच्या ओल धरलेल्या भिंतीला टेकून, प्लॅस्टिकच्या कव्हरात गुंडाळून ठेवलेलं यंत्र आतल्या आत घामेजतं. कव्हर घालायचंच तर सुती घाला, आणि यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. गावात कोणी असेल तर त्यांना पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालू करायला सांगा, पण कडकडाट चालू असताना नव्हे.

साफ कसं करायचं ते आता. सगळं बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. पिन कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. हिरवी पूड जास्त असेल तर पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलकेच घासा आणि परत पुसा. जॅक आतून पुसता येत नाही, म्हणून पिनेवर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा फवारा) मारा आणि ओलसर असतानाच पिन जॅकमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. पिनेच्या घर्षणानेच पट्ट्या साफ होतात. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मग चालू करा.

कशाने साफ करू नये तेही सांगतो, कारण सगळे प्रयोग मी पाहिलेत. कोकम किंवा चिंच लावून नको. समईला चालतं, पण इथे आंबट उरलं की महिन्याभरात दुप्पट गंजतं. हाताला लावायचा सॅनिटायझर नको, त्यातला चिकट अंश आत राहतो. खोबरेल तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसून लुकण तयार होतं. आणि सेफ्टी पिन किंवा सुई जॅकमध्ये घालून खरवडू नका, आतल्या पट्ट्या वाकल्या की मग जॅकच बदलावा लागतो.

हेडफोन काढूनही लॅपटॉपला हेडफोन लावल्यासारखंच वाटत असेल तर तोही याच घरातला बिघाड. जॅकमध्ये पिन आली की गेली हे सांगणारी एक बारीक पट्टी असते. ती गंजाने किंवा कचऱ्याने दाबलेलीच राहते आणि लॅपटॉप स्वतःचे स्पीकर बंद ठेवतो. वर सांगितलेलं आत-बाहेर करणं इथे जादूसारखं काम करतं.

आणि कुंभारीण! काळसर, सडपातळ कमरेची ती माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते. चौक्याच्या एका घरात डेस्कटॉपचं हिरवं भोक तिने असं लिंपून टाकलं होतं की काकांना वाटलं कंपनीनेच बंद करून दिलंय. पिन अर्धीच आत जात असेल तर हे बघा. माती लाकडी दातकोरणीने कोरडीच काढा. पाणी घातलं तर चिखल आत जाईल. आणि वापरात नसलेल्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.

ड्रायव्हर

आता थोडं अवघड. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे बऱ्याच जणांनी ११ टाकून घेतलं, आणि काही जुन्या यंत्रांचा आवाज त्यात गेला. मोठ्या अपडेटनंतर आवाज गेला असेल तर संशय ड्रायव्हरवर.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ उलगडा. रिअलटेकच्या नावावर पिवळं चिन्ह असेल, किंवा खाली बाण असेल, तर तिथेच गोम आहे. बाण म्हणजे ते बंद करून ठेवलेलं आहे, राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा.

अपडेटनंतरचा बिघाड असेल तर ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’ आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज स्वतःच परत बसवतं. तरीही नाही तर माझा आवडता मार्ग: ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’ आणि यादीतून साधं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. हा मायक्रोसॉफ्टचा साधासुधा ड्रायव्हर. त्यात चमचमाट नाही, पण बहुतेक चिपांना चालतो.

नवा ड्रायव्हर हवाच असेल तर तो लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल नंबर टाकून घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका. त्यांनी घातलेला घोळ निस्तरायला मला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ लागतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडचं नावच नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ बंद आहे का ते बघावं लागतं. बायोसमध्ये शिरायची भीती वाटत असेल तर शिरू नका. तिथे दुसरंच काहीतरी बदललं गेलं की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

फॉरमॅटच्या आधी पेन ड्राइव्ह

कोणी "फॉरमॅट मारूया" म्हणालं की आधी ही चाचणी करायला लावा. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, ‘ट्राय’ निवडायचं आणि काहीही इन्स्टॉल न करता आवाज वाजवून बघायचा. तुमच्या डिस्कला हात लागत नाही. तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत, दोष विंडोजमध्ये, आणि मग फॉरमॅटचा विचार फोटो बाहेर काढून ठेवल्यावर करता येईल. तिथेही आला नाही तर बहुतेक करून दोष यंत्राचा, आणि विंडोज शंभर वेळा टाकून काडीचा फरक पडणार नाही.

चिप गेलीये असं निघालं तरी रडू नका. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड दोन-चारशे रुपयांत मिळतं. ते लावलं की मदरबोर्डवरच्या चिपचा आणि जॅकचा संबंधच राहत नाही. मदरबोर्ड दुरुस्त करा म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच देतो. धंद्याचं नुकसान होतं, पण पाच-सहा वर्षं जुन्या यंत्रावर हजारो रुपये घालणं मला पटत नाही.

घूं आवाज

लॅपटॉप चार्जरवर असताना स्पीकरमध्ये घूं येते आणि चार्जर काढला की जाते, तर घरचं अर्थिंग तपासून घ्या. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती सुकली की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. वायरमन बोलवा. चार्जरची अर्थची पिन तोडून घूं घालवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्यासारखं करू नका. ती पिन आवाजासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे.

इथे थांबा

सबवूफरचा (स्पीकरच्या सेटमधला मोठा) डबा घरी उघडू नका. त्यात थेट २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्लग काढल्यावरही आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर काही वेळ भरलेले राहू शकतात. दिवा लागत नाही, मोबाईललाही मुका आहे, फ्यूज ठीक आहे, तर तो दुरुस्तीवाल्याकडे द्या. डेस्कटॉपचा पॉवर सप्लायही तसाच, त्याचे स्क्रू काढायचे नाहीत.

जळका वास आला असेल तर पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा. परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा वायरीतून येणारा झटका एचडीएमआय, नेटची पिन आणि साउंड यांना एकदमच घेऊन जातो. असं यंत्र चालू केलं की उरलेलंही जातं. प्लग काढा, नेटची आणि केबलची वायर काढा आणि तसंच घेऊन या.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर आवाज विसरा. बॅटरी फुगलीये. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, लगेच माहितगाराकडे न्या.

वॉरंटीत असलेलं यंत्र आमच्यासारख्यांकडेही आणू नका. आम्ही उघडलं की कंपनी हात वर करायला मोकळी.

आणि आणायचंच ठरलं तर नुसता सीपीयू घेऊन एसटीत बसू नका. स्पीकर, त्याची वायर आणि लॅपटॉप असेल तर चार्जर सगळं बरोबर आणा, आणि मोबाईलला लावून काय झालं, ठोकळे नाचत होते की नाही, एवढं आधी बघून या. गेल्या गणपतीत मसुऱ्याहून एक दादा भर पावसात सीपीयू घेऊन आले. माझ्या स्पीकरवर तो खणखणीत वाजला. त्यांचा स्पीकर घरी होता.